पहिली कळशी

पाणी यायच्या आधी नळ खोकायचा. एक कोरडी उबळ, मग हवेचा लांब सुस्कारा, मग पुन्हा उबळ, आणि मग मोरीत तांबडी गुळणी. जुनाट दमेकरी माणसानं पहाटे उठून बसावं तसा तो नळ उठायचा. पण त्याच्याही आधी घरातलं एक माणूस उठलेलं असायचं. थोरली.

घर तळमजल्यावरचं, इमारतीच्या मागच्या अंगाला. दोन खोल्या आणि एक मोरी. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, खडूच्या रेघा ओढलेली कापडं, कोपऱ्यात चिंध्यांचा ढीग. थोरलीचा नवरा शिंपी. गल्ली त्याला मास्तर म्हणायची. मास्तरानं कापायचं, मशीन मारायचं, आणि हाताचं जे काम असेल ते थोरलीनं करायचं: काजं, बटणं, घड्या, अस्तराची टीप. तिचं काज असं, की बटण आत गेल्यावर मिटलेल्या पापणीसारखं दिसायचं. मास्तरचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर परक्या इमारतींच्या काळोख्या पोटात लोंबकळायचं आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणायचं, "वहिनी, आज बाराव्या मजल्यावरून आलोय, जरा खालचं काहीतरी खायला द्या." त्याचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली.

वरच्या मजल्यांना पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरायचं. तळमजल्याच्या दोन घरांना मात्र ते रस्त्याखालच्या जुन्या नळीतून थेट यायचं. रात्रभर नळीत निजलेलं पाणी सगळ्यात आधी यांच्याच मोरीत येऊन पडायचं, अंगावर गंजाचं पांघरूण घेऊन.

नवी नवरी असताना धाकटीला एकदा पहाटे जाग आली. मोरीच्या उंबऱ्यावर थोरली बसलेली. नळाच्या तोंडाला चौपदरी फडकं बांधलेलं, खाली कळशी, आणि थोरली अगदी हळू, स्वतःलाच ऐकू जाईल इतपत गुणगुणत होती:

*पहिली कळशी,*
*गढूळ गं माझी,*
*दुसरी ती ताजी,*
*घरासाठी.*

"पाणी आलं का हो ताई? मी भरू लागते," धाकटी म्हणाली.

"नीज तू. अजून यायचंय."

"आलंय की. धार दिसतेय."

"हे तुमचं नाही, हे माझं." थोरलीनं कळशी उचलून दाराआड सरकवली. "तुमचं गोरं असतं. ते मागून येतं, नटूनथटून."

धाकटी हसली. त्या घरात तिला पहिल्यांदा मोकळं हसू आलं ते तेव्हा.

मग तिला कळलं की ही घराची रीतच आहे. जी आधी उठते, जी नळाशी बसते, तिची पहिली कळशी. दुपारपर्यंत लाल गाळ तळाशी बसायचा, वरचं पाणी निवळायचं, आणि थोरली दिवसभर तेच प्यायची. तिचा चहाही त्यातलाच. हातशिलाईला बसलं की चहावर चहा लागायचा तिला. "मला कडक लागतो, तुम्हाला झेपायचा नाही," म्हणून ती वेगळं पातेलं ठेवायची. पुरुषांना याचा पत्ता नव्हता. लपवलं होतं असं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. पाणी घटकाभर येतं आणि जातं. त्यातलं निम्मं मोरीत सोडायचं म्हणजे काय?

सोडणारी एक होती. शेजारच्या खोलीतली बाई, जिला सगळे बिनघोर मावशी म्हणत. ती नळ सोडायची आणि निवांत दात घासत बसायची. पाणी वाहतंय, मावशी घासतेय.

"अगं, किती उधळशील!" थोरली भिंतीवरून ओरडायची.

"उधळते नाही, वाट बघते," पलीकडून उत्तर यायचं. "आमच्या नळाला आधी चहा लागतो. त्याचा चहा पिऊन झाला की पाणी देतो मग."

"आळशी आहे झालं," थोरली धाकटीला म्हणायची. "सासूबाई असत्या तर तिला धुऊन वाळत घातली असती."

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन्ही मुलगे चालते-बोलते झाल्यावर त्या या घरात राहायला आल्या. पहिली कळशी त्यांनी सुरू केली, गाणंही त्यांचंच. पुढे त्यांचं पोट दुखायला लागलं, चेहरा पांढरा पडला, आणि शेवटी शेवटी दोन्ही हात मनगटातून असे लोंबले की भाताचा घास थोरलीनं भरवायचा. "माझे हात कुणी काढून नेले गं?" असं त्या विचारायच्या. त्या अंथरुणाला लागल्या तेव्हा नळाशी थोरली बसली. त्यानंतर तिला दोनदा दिवस राहिले. दोन्ही वेळा काही महिन्यांतच सगळं संपलं. तिसऱ्यांदा राहिलेच नाहीत. त्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे. मास्तर त्या दिवसांत मशीन जास्त जोरात मारायचा, एवढंच.

धाकटीला दिवस गेले तेव्हा थोरलीचा आनंद भीतीएवढाच मोठा होता. ती धाकटीच्या पाण्यावर झाकण ठेवायची, झाकणावर वाटी, वाटीवर वजन. "वाकू नकोस," "पळू नकोस," "शिंकलीस तरी सांभाळून शिंक," असं दिवसभर चालायचं.

"ताई, शिंक काय विचारून येते का?"

"येऊ दे, पण मऊ येऊ दे."

आणि त्याच दिवसांत थोरलीचं पोट दुखायला लागलं. "आत कुणीतरी ओलं कापड पिळतंय गं," ती म्हणायची. तोंडाला सतत जुनं नाणं चघळल्यासारखी चव. रंग उतरला. ओठ, नखं, डोळ्यांच्या कडा, सगळं धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं झालं. जी बाई कधी आवाज चढवत नव्हती ती सुई हरवली म्हणून रडायची, आणि सुई तिच्याच बोटांत असायची. एकदा तिनं एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला काजं बटणांच्या बाजूला केली आणि बटणं काजांच्या.

मास्तरानं सदरा उलटसुलट करून पाहिला. "हा काय आरशात बघून घालायचा?"

हसं झालं. थोरली हसली नाही. ती काजं उसवत बसली आणि उसवता उसवता ब्लेड तिच्या हातून पडलं. तिनं उचललं, पुन्हा पडलं.

गल्लीतल्या डॉक्टरानं डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. "रक्त कमी झालंय. शरीरात लोह नाही. गोळ्या देतो."

"लोह तर मी रोज पितेय डॉक्टर," थोरली म्हणाली.

डॉक्टर हसला. विनोद म्हणून छान होता. बाहेरच्या बाकावर अजून माणसं खोळंबली होती.

घरी येताना थोरली विचार करत होती. कमी आहे ते लोह, आणि नळातून येतो तो लोखंडाचा गंज. मग फडक्यानं अडवतो तो कशाला? दुसऱ्या दिवसापासून तिनं फडकं बांधणं सोडलं. कळशी निवळू द्यायची वाटही बघेना. तांबूस पाणी, वर बारीक तवंग, ती डोळे मिटून प्यायची. औषध कडूच असतं.

असं करून हिवाळा सरला, आणि थोरलीचा उजवा हात एके दिवशी मनगटापाशी मोडल्यासारखा खाली गेला. दुखलं नाही, सुजलं नाही. नुसता खाली गेला, आणि तिनं कितीही मनात आणलं तरी वर येईना. मागोमाग डावा. बिनघोर मावशी बघायला आली, दारातच थबकली आणि जे सगळ्यांच्या मनात होतं ते बोलून गेली:

"अगं बाई! सासूचं दुखणं उतरलं की गं हिच्यात."

आता नळाशी धाकटी बसू लागली. सहावा महिना सरत आला होता. खाली बसायला भिंतीचा आधार लागायचा, उठायला नळाचा. नळ खोकायचा, तसं पोटातलं बाळ दचकायचं. आतल्या खोलीतून थोरलीचा आवाज यायचा, "पहिली वेगळी ठेव हं!"

"ठेवलीय ताई."

कळशी दाराआड जायची. थोरलीला त्यातलंच पाणी धाकटी चमच्यानं पाजायची. आणि एका दुपारी, पाजून झाल्यावर, उरलेल्या पाण्याचं भांडं हातात तसंच धरून ती म्हणाली, "ताई, तपासायला गेले तेव्हा नर्स म्हणत होत्या, माझ्या पण अंगात लोह कमी आहे. बाळाला लागतं म्हणे."

थोरली छताकडे बघत पडली होती.

"तुला नको. तुझं वेगळं ठेवलंय ना मी."

"पण ठेवतंय कोण आता? भरते तर मीच. दोन-दोन कळश्या उचलून माझी कंबर राहिली नाही. एकीतलंच पिऊ दोघी."

"चव घाण आहे."

"गोळ्यांची कुठं गोड असते?"

थोरलीनं मान भिंतीकडे वळवली. "पी मग," ती म्हणाली. "थोडं थोडं पी. सासूबाई म्हणायच्या, पाण्यानं कधी कुणाचं वाईट केलं नाही."

धाकटी प्यायली. त्या दिवशी, आणि मग रोज. पहाटे नळाशी बसल्यावर तिच्याही ओठांवर ते गाणं आपोआप येऊ लागलं. पहिली कळशी, गढूळ गं माझी. पोटावर हात ठेवून ती चालीत डुलायची. आपण या घरच्या झालो असं तिला तेव्हा वाटायचं.

मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं ते थोरलीच्या पोटातली कळ सहन होईना तेव्हा. मास्तर, धाकटा, धाकटी, सगळेच गेले. थोरलीला आधार द्यायला दोन बाजूंनी दोन पुरुष आणि मागून पोट सांभाळत धाकटी.

डॉक्टरीणबाई मध्यमवयीन, आवाज जरा घोगरा. त्यांनी थोरलीचे हात उचलून सोडले. हात पडले. पुन्हा उचलले, पुन्हा पडले. मग त्या म्हणाल्या, "तोंड उघडा," आणि हिरड्यांवर बॅटरी मारून बराच वेळ बघत राहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी बारीक रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी.

"घरात रंगकाम चालतं? जुन्या बॅटऱ्या वितळवणं, छपाई, असलं काही?"

"शिंपीकाम आहे आमचं," मास्तर म्हणाला.

"भांडी कसली? कल्हईची?"

"स्टीलची आहेत सगळी."

"काही जडीबुटी, भस्मं, चूर्णं?"

"नाही हो."

"पाणी?"

"नळाचं. गंजकं येतं थोडं, पण सगळेच पितो आम्ही. आम्हाला कुणाला काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी थोरलीकडे पाहिलं. "सगळे पितात तेच पाणी तुम्ही पिता?"

"तेच की," थोरली म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. नळ तोच होता, पाणीही तेच. आधी आलं आणि मागून आलं एवढाच काय तो फरक, आणि तो तिच्या हिशेबी फरकच नव्हता.

"मग पाणी नसावं," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "चौघं पिताहेत आणि एकीलाच होतंय... घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

"आमच्या आईला," मास्तर म्हणाला. "हुबेहूब असंच. पोट, हात, सगळं. घराण्याचंच दुखणं आहे हे डॉक्टर. आमच्या रक्तातच आहे."

"तुमच्या रक्तात असेल तर तुम्हाला व्हायला हवं." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "या काय तुमच्या आईच्या पोटी जन्मल्या? सासूचं दुखणं सुनेला रक्तातून कसं येईल मास्तर?"

धाकटा बुटाकडे बघू लागला.

धाकटी मागे स्टुलावर बसली होती. तिच्या डोक्यात तो प्रश्न गरगर फिरला. सासूकडून सुनेला काय येतं? चुलीची जागा येते. किल्ल्या येतात. कुणाला काय आवडतं, कुणाला काय चालत नाही, ते येतं. पहाटेची जाग येते. गाणं येतं.

बाळानं आतून लाथ मारली, आणि तिनं दोन्ही हात पोटावर असे दाबले जणू कुणी ते उघडून बघणार होतं. बोललं तर स्वतःचंही सांगावं लागणार होतं. नवरा समोर उभा होता.

"पाणी तेच नाही," ती म्हणाली.

सगळे वळले.

"ताई पहिली कळशी पितात. सगळ्यात आधी येतं ते, लाल. आम्ही मागचं पितो. सासूबाई पण तेच प्यायच्या. या घरात आधी उठणारीनं ते प्यायचं असतं."

"काय बडबडतेस?" मास्तर म्हणाला. "काय गं, खरं का हे?"

थोरलीचा चेहरा असा झाला की जणू भर लोकांत कुणी तिचं उष्टं ताट दाखवलं होतं.

डॉक्टरीणबाई मात्र खुर्ची ओढून धाकटीच्या जवळ आल्या. "या आता अंथरुणाला आहेत. मग आता आधी कोण उठतं?"

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. "मी."

"आणि तुम्ही पिता?"

तिला मान हलवता आली, तेवढंच.

मग सुया आल्या, नळ्या आल्या, थोरलीचं रक्त गेलं, धाकटीचं गेलं. धाकटा घरी पळाला आणि दाराआडच्या कळशीतलं पाणी बाटलीत भरून घेऊन आला. तोवर डॉक्टरीणबाई बोलत होत्या, फार मोठ्यानं नाही, पण प्रत्येक शब्द वेगळा.

"गंज दिसतो म्हणून आपण त्याला भितो. तो एवढं काही करत नाही. त्याच्यासोबत न दिसणारं येतं ते शिसं. जुन्या नळीत शिसं असतं. रात्रभर पाणी तिथं मुरतं, शिसं त्यात उतरतं, गंजाला चिकटून येतं. निवळून जात नाही, उकळून जात नाही. उलट उकळून आटवलं की वाढतं. अंगातलं रक्त तेच खातं. लोहाची कमतरता नव्हती तुम्हाला, बाई. आणि केसपेपरावर लिहिलंय, दोनदा दिवस राहून पडून गेलं, तेही..." त्या थांबल्या.

थोरलीनं पहिल्यांदाच मान वर केली. "त्यानंच?"

"सांगता येत नाही नक्की. पण होऊ शकतं."

थोरलीनं डोळे मिटले. तिचे हात मांडीवर पडलेले होते, तळवे वर, बोटं अर्धवट मुडपलेली. कुणीतरी काही मागत बसावं तसे.

बाटलीतल्या पाण्यात शिसं निघालं, डोळे पांढरे व्हावेत इतकं. थोरलीच्या रक्तात निघालं. धाकटीच्याही निघालं, तिच्यापेक्षा कमी. पोटातल्या बाळाचं आताच काही सांगता येणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईकडून बाळाकडे ते जातं एवढं खरं. दूध प्या, पोटभर जेवा, त्या नळाचं थेंबभर पिऊ नका, आणि वाट बघा.

पाणीखात्याची माणसं आली, रस्त्यावर खडूनं फुली मारून गेली. नळी बदलायची आहे, क्रम लागला की बदलू. मास्तर आता दोन गल्ल्या पलीकडून, जिथं नवी नळी होती तिथून, खांद्यावर कॅन वाहून आणायचा. आयुष्यात कधी पाण्याची कळशी उचलली नव्हती त्यानं. वाटेत लोक विचारायचे, "मास्तर, शिलाई सोडली का?" तो कॅन दुसऱ्या खांद्यावर घेऊन पुढं चालू लागायचा.

थोरली दवाखान्यात सलाईन लावून पडून होती, तिथून घरी आली तेव्हा मनगटांना पट्ट्या बांधलेल्या. पोटातली कळ थांबली होती. हात जराजरा हलत होते, पण सुई धरण्याइतके नाही. परत येतील, सगळे येतील असं नाही, असं सांगितलं होतं. पहाटे धाकटा नळ सोडायचा आणि लाल पाणी मोरीतून वाहू द्यायचा. आवाज ऐकून थोरली अंथरुणात कूस बदलायची.

पण भांडण व्हायचं राहिलं होतं, आणि ते एका दुपारी झालं. थोरली म्हणाली, "तू माहेरी जा बाळंतपणाला. इथं नको थांबूस."

"आता म्हणताय?" धाकटीचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "तेव्हा का नाही म्हणालात? 'पी मग' म्हणालात. थोडं थोडं पी!"

"मला काय ठाऊक होतं गं..."

"ठाऊक नव्हतं, पण तुम्हाला ते घाण वाटत होतं ना? वाटत होतं म्हणूनच आम्हाला देत नव्हतात. आमच्यासाठी घाण, तुमच्यासाठी चालतं. असं कसं? तुमच्या पोटाला पोट समजला असतात तर माझं वाचलं असतं!"

थोरली एकही शब्द उलट बोलली नाही. तेच धाकटीला सहन झालं नाही. ती पुढच्या खोलीत गेली, मशीनवर डोकं टेकून रडली. मास्तर हातातलं कापड खाली ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसला.

माहेरी ती गेलीच नाही. तिची आई कधीच गेली होती, आणि भावाच्या घरी जागा नव्हती.

मुलगी झाली. लहानखुरी, पण रडली खणखणीत. नाळेतलं रक्त तपासायला गेलं. पाळण्याशी धाकटा असा उभा, जणू बंद पडलेल्या लिफ्टचा आवाज ऐकतोय. कान लावून, श्वास धरून.

निकाल आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिघांना बसवलं. "आहे. फार नाही, पण आहे. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित बोलायला उशीर लागेल, शिकायला जड जाईल, ऐकायला कमी येईल. आज बघून मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. तपासत राहायचं. मुलीशी बोलत राहायचं."

बाहेरच्या लांबलचक वाटेवर फरशी पुसून ओली केली होती. भिंतीच्या कडेनं चालताना मास्तर हळूच म्हणाला, "घरी तिला सांगायचं नाही. मुलगी ठणठणीत आहे म्हणायचं. आत्ता कुठे सावरतेय ती."

"दादाचं बरोबर आहे," धाकटा म्हणाला. "वहिनी मनाला लावून घेतील. तूच जरा सांभाळ. तुला येतं तसलं बोलायला."

धाकटी थांबली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती, तोंड अर्धवट उघडं.

"मीच सांभाळू," ती म्हणाली. "आणि रोज त्या विचारतील, ही अजून बसत का नाही, बोलत का नाही, तेव्हा हसून काहीतरी सांगू. तेही मीच."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. दादा, मी नाही ठेवणार हे पोटात. तुम्हाला ऐकवत नसेल तर बाहेर थांबा."

थोरली पलंगावर उशीला टेकून बसली होती. केस मास्तरानं विंचरून दिले होते, भांग वाकडा. धाकटी समोर बसली, आणि डॉक्टरीणबाई बोलल्या ते शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले. मधला एकही गाळला नाही. "कदाचित काही नाही," हेही सांगितलं, आणि बाकीचंही. सांगताना दोघे भाऊ दारात उभे होते, आत यावं की जावं ते न कळून.

थोरलीनं ऐकून घेतलं. रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. तिनं खालचा ओठ दातांनी धरला. थोड्या वेळानं म्हणाली, "राग आहे ना माझ्यावर?"

"आहे."

"जाईल का?"

"माहीत नाही ताई. आज तरी नाही."

"असू दे. राग असू दे. पण हिला माझ्यापासून दूर नको ठेवूस."

धाकटीनं उठून मुलीला थोरलीच्या मांडीवर ठेवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, आणि पट्ट्या बांधलेले ते हात एकेक करून उचलून मुलीच्या अंगाभोवती नेऊन ठेवले. हात जड होते, पण ठेवले तिथं राहिले.

"ऐकायला कमी येईल म्हणाल्या?" थोरलीनं विचारलं.

"कदाचित म्हणाल्या."

थोरली वाकली. मुलीच्या कानाशी तोंड नेऊन तिनं हलकेच "ओ" दिली, कुणी आधी हाक मारली असावी तशी. मुलगी झोपेत होती. पुन्हा "ओ" दिली. मुलीनं ओठ चाटले, कपाळाला आठी घातली आणि मान जराशी वळवली.

"वळली! बघितलंस?"

"उजेडाकडे वळली असेल. दार उघडं आहे."

"नाही गं. माझ्याकडेच वळली."

धाकटा जाऊन दार लावून आला. खोलीत अंधारल्यासारखं झालं. चौघंही श्वास धरून त्या इवल्याशा डोक्याकडे बघत राहिले, आणि थोरलीनं पुन्हा, जरा मोठ्यानं, "ओ" दिली.